बांगडी एकाच हातात घट्ट होते तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलेले असते, तपासण्या चांगल्या आलेल्या असतात आणि एके दिवशी त्या बाजूच्या हातातली नेहमीची बांगडी मनगटावरून वर सरकेनाशी होते, किंवा ब्लाउजची एकच बाही दंडाला काचू लागते. ‘कामाने हात भरून आला असेल’ असे म्हणून ती गोष्ट मागे पडते आणि लिम्फेडेमा, म्हणजे हातात द्रव साचून येणारी सूज, लवकर ओळखण्याची वेळ निघून जाते.

रक्तातून पाझरलेले पाणी व प्रथिने पुन्हा रक्तात पोहोचवणे हे लसिकावाहिन्यांचे काम. हातातल्या बहुतेक लसिकेची, म्हणजे या द्रवाची, वाट काखेतल्या ग्रंथींमधून जाते. त्या काढाव्या लागल्या किंवा तिथे किरणोपचार झाले की ही वाट अरुंद होते. उरलेल्या वाहिन्या कधी कित्येक वर्षे भार पेलतात, पण त्या कमी पडल्या की द्रव त्वचेखाली साचतो. सुरुवातीची सूज दाबल्यावर खळगा पडतो आणि हात उंच ठेवल्यास ती ओसरते. दुर्लक्ष झाल्यास चरबी व तंतुमय ऊती वाढून हात टणक होतो. २०१३ च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार काखेतील ग्रंथी काढून टाकलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के, तर निवडक ग्रंथीच तपासलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के स्त्रियांना हा त्रास झाला.

सुजलेला हात पाहून ‘हत्तीरोग का?’ असे कोणी विचारेल म्हणून तो पदराखाली झाकला जातो, याचे फार वाईट वाटते. हत्तीरोगाचे जंत डासांमार्फत येतात. इथे जंतांचा संबंध नाही.

‘त्या हाताने काही उचलू नकोस’ हा प्रेमाचा सल्लाही तपासून पाहायला हवा. अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचे ठरावीक ठिकाणचे घेर टेपने मोजून ते लिहून ठेवण्यास सांगावे. पुढे दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक पडला, किंवा फरक दिसण्याआधीच हात जड वाटू लागला, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. दाबपट्ट्या, विशिष्ट मालिश, व्यायाम आणि त्वचेची निगा यांनी सूज आटोक्यात राहते. हात लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र तो जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणून मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.