अजगर नर की मादी, हे ओळखायची पद्धत आली कुठून

शिराळा-वाळव्याकडं उसाला तोड लागली की कुठंतरी अजगर निघतो, सर्पमित्राला फोन जातो, आणि तो पोत्यात जाईपर्यंत गर्दीतलं कुणीतरी विचारतंच, नर हाय का मादी? उत्तरही गर्दीतच तयार असतं, एवढा जाड म्हणजे मादीच. अजगरात मादी नरापेक्षा मोठी होते हे खरंय, पण वय माहीत नसताना नुसत्या जाडीवरून सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज.

आपल्याकडं या बाबतीत समज मात्र पक्के. धामण ही नागाची बायको, हे अजून गावोगाव ऐकायला मिळतं, खरं तर दोन्ही जातीच वेगळ्या आणि धामणीतही नर असतातच की. बांधावर दोन साप पीळ घालून उभे राहिले की त्याचा व्हिडिओ नाग-नागिणीचा प्रणय म्हणून फिरतो, त्यात बहुतेक वेळा दोन नर धामणी असतात आणि ती झुंज चाललेली असते. यात फक्त आपलेच लोक फसले असं नाही, अमेरिकेत रॅटलस्नेकच्या अशा झुंजीला कित्येक वर्षं मीलनच समजायचे, सॅन दिएगोच्या झूमधल्या चार्ल्स शॉनं १९४८ मध्ये हे दोन्ही नर असतात असं नीट मांडलं.

अडचण मुळात शरीररचनेची आहे. सापाचं लिंग बाहेर दिसतच नाही, नराला दोन असतात, हेमिपेनिस म्हणतात, आणि ती शेपटीच्या बुडाशी उलट्या मोज्यासारखी आत वळलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड कोपनं याच अवयवांवरून सापांचं वर्गीकरण करायला घेतलं, पण ते काम मेलेल्या सापांवरचं. जिवंत सापाचं काय? तिथं प्रोब आला. बोथट टोकाची गुळगुळीत सळई, तिला वंगण लावून व्हेंटमधून, म्हणजे शेपटी सुरू होते तिथल्या पोटाखालच्या छिद्रातून, शेपटीच्या दिशेनं अलगद सरकवायची, मादीत साधारण तीन-चार खवल्यांवर अडते, नरात आठ-दहा किंवा त्याच्याही पुढं जाते. १९३४ मध्ये शेफर यांनी साप नर की मादी हे ओळखण्यावर लिहिलं होतं, पण १९७५ मध्ये लास्लो यांचा प्रोबिंगवरचा लेख आला तो झूवाल्यांसाठी जास्त कामाचा ठरला, कारण एका पिंजऱ्यात जोडी म्हणून दोन माद्याच ठेवल्या तर पिल्लांची वाट बघण्यात वर्षं वाया जाणार.

ऐकायला सोपं वाटतं, पण नरानं स्नायू आवळले तर सळई लवकर अडते आणि तो मादी म्हणून नोंदला जातो, आणि जोर लावला तर आतली त्वचा फाटते, मग जनावर कायमचं जायबंदी. व्हिडिओ बघून हे करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. अजगर आणि बोआ, म्हणजे अजगरासारखेच भक्ष्य आवळून मारणारे साप, यांच्यात व्हेंटच्या दोन्ही बाजूंना छोट्या नख्या असतात, मागच्या पायांचे अवशेष ते, नरात सहसा मोठ्या आणि वाकड्या, त्या बघायला काही घुसवावं लागत नाही, पण त्यावरूनही शंभर टक्के सांगता येत नाही.

मग आली गुणसूत्रं, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. १९६०च्या दशकात ब्राझीलचं बेसाक दांपत्य आणि सुसुमू ओनो या शास्त्रज्ञांच्या कामातून दिसलं की सापात पक्ष्यांसारखं झेड-डब्ल्यू असतं, म्हणजे नराकडं दोन्ही सारखी, झेड-झेड, आणि दोन वेगळी गुणसूत्रं, झेड आणि डब्ल्यू, मादीकडं. आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात लालजी सिंह यांनी भारतीय सापांवर हेच काम केलं, पट्टेरी मण्यारच्या मादीतून पुढं बीकेएम (बँडेड क्रेट मायनर, बँडेड क्रेट म्हणजे हीच मण्यार) नावाचा पुन्हा पुन्हा येणारा डीएनए सापडला, आणि त्याच धाग्यातून भारतातलं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं. गुन्ह्याच्या तपासात आज जे वापरतात त्याचं एक मूळ मण्यारीत आहे, हे शाळेत कुणी सांगायला पाहिजे होतं.

पण अजगर-बोआत ही दोन गुणसूत्रं वेगळी दिसतच नव्हती, तरी सगळे सापच ना, म्हणून त्यांनाही झेड-डब्ल्यूच धरलं, ते जवळपास पन्नास वर्षं. २०१० मध्ये एका बोआ मादीला नराशिवाय पिल्लं झाली, सगळ्या माद्या, तेव्हा त्या डब्ल्यू-डब्ल्यू असणार असं मांडलं गेलं, आणि ते विचित्रच होतं. तिकडं बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळणाऱ्यांच्या वह्यांत दुसरंच दिसत होतं, बनाना म्हणतात त्या पिवळसर रंगाच्या काही नरांना त्या रंगाची पिल्लं जवळपास सगळी नर होत, काहींना जवळपास सगळ्या माद्या, हा हिशोब बाप एक्स-वाय असल्याशिवाय जुळेना. २०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआ आणि बर्मीज अजगर दोघांतही एक्स-वाय असल्याचं दाखवलं, माणसासारखं, आणि बोआच्या त्या पिल्लांचं कोडंही सुटलं, आई एक्स-एक्स तर पोरी एक्स-एक्सच होणार. त्यामुळं नाग-मण्यारीसारख्या झेड-डब्ल्यू सापांसाठी शोधलेली मादीची डीएनए खूण अजगराला लावून उपयोग नाही, त्याची चाचणी वेगळीच लागते.

आपला देशी अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, पाळणं गुन्हा, त्यामुळं उसातून निघालेल्याचं प्रोबिंग करायचं सर्पमित्राला काहीच कारण नाही. वनविभागाला कळवायचं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणं सोडायचा, नोंदीत लिंगाच्या रकान्यात माहीत नाही लिहिलं तरी चालतं.