घंटागाडीतलं पाणी

साताऱ्यात रोज सकाळी घंटागाडी जो ओला कचरा भरून नेते, त्यातलं बरंचसं वजन कचऱ्याचं नसतंच. ते पाण्याचं असतं. काकडीत ९५ टक्के पाणी, टोमॅटोत ९४, कलिंगडात ९२. मेथीची देठं, कोबीची वरची पानं, दुधीची सालं यांचीही तीच गत. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वर ताटात उरलेली आमटी आणि मोरीच्या जाळीत अडकलेलं खरकटं. कांद्याची फोलपटं आणि शेंगांची टरफलं, एवढीच काय ती कोरडी. सगळ्याची गोळाबेरीज केली तर आपल्याकडच्या घरगुती ओल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी निघतं. राजवाडा, सदरबझार, गोडोली इथून भरलेली गाडी सोनगावच्या डेपोकडे निघते, तेव्हा ओल्या कचऱ्याच्या दर टनामागे पाऊण टन पाणी डिझेल जाळून वाहिलं जात असतं. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर असे भाग पालिकेत आले, तेव्हापासून हे पाणी आणखी लांबून येतं.

गावात कचऱ्यावर बोलणं निघालं की ते गाडी वेळेवर येत नाही इथे सुरू होतं आणि शेजारचे लोक ओला-सुका एकत्र टाकतात इथे संपतं. दोन्ही तक्रारी खऱ्याच. पण ओल्या कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न मुळात त्यातल्या पाण्याचं काय करायचं हा आहे, आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

एक छोटं गणित करून बघू. १०० किलो ओला कचरा आहे, त्यात ८० टक्के पाणी आहे. तो निथळून, थोडा सुकवून पाण्याचं प्रमाण ८० वरून ७० टक्क्यांवर आणलं. वजन किती उतरेल? बहुतेक जण दहा किलो सांगतात. आता कोरड्या भागाकडे बघा. तो आधी २० किलो होता आणि नंतरही २० किलोच आहे, फक्त आता तो एकूण वजनाच्या ३० टक्के झाला आहे. २० किलो म्हणजे ३० टक्के, तर एकूण वजन ६७ किलो. तेहतीस किलो कमी! पाण्याची टक्केवारी दहाने उतरली आणि तीन गाड्यांतली एक गाडी वाचली. कुठलंही यंत्र न आणता, फक्त लोकांच्या स्वयंपाकघरात एक गाळणी ठेवून हे होऊ शकतं. आता यातली मेख. अनेक शहरांत कचरा वाहण्याचे ठेके टनावर दिले जातात. टनावर पैसे मिळत असतील तर कचरा कोरडा व्हावा असं ठेकेदाराला का वाटावं? पाणीही वजनकाट्यावर चढतंच की.

वासाचं मूळही पाण्यातच आहे. सकाळी बादलीत पडलेली भाजीची देठं दुपारपर्यंत निरुपद्रवी असतात. मग त्यांच्यातून सुटलेलं पाणी तळाशी साचतं आणि तिथली हवा संपते. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. तळाशी असलेल्या जिवाणूंनी आहे तेवढा प्राणवायू वापरून टाकला की वरून नवा पोचतच नाही. मग हवेशिवाय जगणाऱ्यांचं राज्य येतं. सुरुवात दह्याला आणि इडलीच्या पिठाला आंबवणारे जिवाणू करतात, म्हणून पहिला वास आंबट असतो. दुसऱ्या दिवशी ब्युटिरिक आम्ल तयार होऊ लागतं, खवट लोण्याचा वास तो हाच. पुढे डाळी, अंडी, मटणाची हाडं यांच्यातल्या प्रथिनांपासून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्जावधी कणांमागे मोजके कण असले तरी आपल्या नाकाला कळतो, म्हणून एका घरची बादली अख्ख्या जिन्याला कळते. उन्हाळ्यात घरमाशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. ओला कचरा रोजच्या रोज उचलायला हवा हा आग्रह त्यामुळेच, त्यात पालिकेची हौस नाही.

डेपोवर हेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणात. ढीग स्वतःच्या वजनाने दबतो, पाणी खाली झिरपतं आणि वाटेत भेटेल ते विरघळवत जातं. ताज्या कचऱ्यातून झिरपलेलं हे काळं पाणी किती घाण असतं, याचं माप म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल. नेहमीच्या सांडपाण्यात ही मागणी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. ताज्या कचऱ्याच्या पाण्यात ती दहा हजारांच्या घरात जाऊ शकते. नदीनाल्यात सोडायची परवानगी आहे ३० मिलिग्रॅमपर्यंत. ज्या जिल्ह्यात संगम माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथे हे आकडे कागदावर ठेवून चालत नाही. ढिगाच्या पोटात मिथेनही तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट वातावरण तापवतो, आणि उन्हाळ्यात डेपोला लागणाऱ्या आगींना त्याचीच साथ असते.

मग जाळूनच का टाकत नाही? हा प्रश्न दर काही वर्षांनी कोणीतरी विचारतं आणि सोबत वीजनिर्मितीच्या प्रकल्पाचं चित्रही दाखवतं. इथेही पाणीच आडवं येतं. एक किलो ओल्या कचऱ्यात पाव किलो कोरडा भाग धरला तर तो जळून सुमारे १,००० किलोकॅलरी उष्णता देईल. उरलेलं पाऊण लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला त्यातल्या साडेचारशे खर्ची पडतात. हातात उरल्या साडेपाचशे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जाळण्याजोग्या कचऱ्यासाठी जी रेघ आखली होती ती किलोला १,५०० किलोकॅलरींची. भाजीची देठं जाळून वीज काढायची तर आधी त्यांना वाळवायला इंधन विकत घ्यावं लागेल.

आता ज्या रस्त्याने हे पाणी खरोखर हाताळता येतं, त्याकडे येऊ. खत करताना पाणी हवंच असतं, कारण जिवाणू विरघळलेलं अन्नच घेऊ शकतात. पण ते हवं ५० ते ६० टक्के. तेवढ्या ओलाव्यात प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि कणांमधल्या फटींत हवा खेळती राहते. पाऊणशे टक्क्यांवर फटी पाण्याने भरतात आणि आपण परत त्या नासलेल्या बादलीत. ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर काम मंदावतं. परीक्षा सोपी आहे: मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, बोटांतून थेंब मात्र पडू नये.

दुसरी अट आपल्या शेतकऱ्यांना पाठ असते, कर्ब-नत्र गुणोत्तराची, म्हणजे नायट्रोजनच्या मानाने कार्बन किती याची. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे आठ-दहा भाग असतात. पण खाल्लेल्या कर्बापैकी दोन तृतीयांश तो श्वासावाटे जाळतो. त्यामुळे त्याच्या ताटात एकास पंचवीस ते तीस असं प्रमाण लागतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ते एकास अठराच्या आसपास असतं, म्हणजे नत्र जास्त. जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं आणि नाकाला झोंबतं. वाळलेल्या पानांत याच्या उलट, कर्ब साठ भाग किंवा त्याहून जास्त.

गंमत अशी की दोन्ही अटी एकाच पदार्थाने पुऱ्या होतात. ७५ टक्के पाण्याचा चार किलो ओला कचरा घ्या. तो ६० टक्के ओलाव्यावर आणायला किती कोरडा पाला लागेल? पाल्यात दहा टक्के ओलावा धरला तर उत्तर येतं १.२ किलो. त्याच मिश्रणाचं कर्ब-नत्र काढून बघितलं तर ते एकास २८-२९ भरतं. जुळवून आणल्यासारखं! आणि हा पाला आपण काय करतो? रस्त्याच्या कडेला झाडून, ढीग करून काडी लावतो. एकाच गल्लीत ओला कचरा गाडीत चढत असतो आणि त्याच्या खताला लागणारा जोडीदार कोपऱ्यावर धुमसत असतो. पाला पुरत नसेल तर जिल्ह्यात उसाचं पाचट आहे, तेही अजून बऱ्याच शिवारांत पेटवलं जातंच. वखारीतला भुसा चालतो, पण बेताने. त्यात कर्ब इतका असतो की नत्रावाचून जिवाणू उपाशी राहतात आणि ढीग महिनोन् महिने तसाच पडून असतो.

मिश्रण जमलं की ढीग दोन-तीन दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता जिवाणूंच्या श्वसनाची. तिने रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, आणि नको असलेलं पाणी फुकटात वाफ होऊन जातं. जे काम भट्टीत तोट्याचं होतं ते इथे जिवाणू आपल्या खर्चाने करून देतात. आपण फक्त अधूनमधून ढीग उलटायचा, म्हणजे हवा मिळते. शेवटी एका टनातून दीडशे-दोनशे किलो खत हाती येतं. महाबळेश्वरला मात्र यातलं काही उघड्यावर करायची सोय नाही. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे छपराशिवायचा ढीग आठवड्यात बुडेल. साताऱ्यात पाऊस त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका, तरी जून ते सप्टेंबर छप्पर हवंच.

वर्गीकरणाचा आग्रह का, ते खत विकायला काढल्यावर कळतं. शहरी खताला सरकारी मानक आहे: कर्ब-नत्र वीसच्या खाली, ओलावा १५ ते २५ टक्के, किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ओल्या कचऱ्यात एक फुटका सेल, रंगाचा डबा किंवा काचेचा तुकडा आला की तो चाळणीने पूर्ण निघत नाही. आणि शेतात एकदा काच सापडली की तो शेतकरी पुन्हा पालिकेचं खत उचलत नाही. उचलू नयेच. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. या कामाला महानगर असावं लागत नाही, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.

जिथे पाणी अडचण न ठरता उपयोगी पडतं, अशी एक वाट आहे: बायोगॅस. तिथे मुळातच हवा नको असते आणि कचरा पातळ करूनच घालायचा असतो. गोबरगॅस आपल्याला नवा नाही. पण शेण म्हणजे गाईने आधीच खाऊन, कस काढून घेतलेला चारा. एक घनमीटर गॅसला ताजं शेण २५ किलो लागतं, ओला कचरा दहा किलो पुरतो, आणि नुसता शिळा भात-भाकरी असेल तर त्याच्या निम्म्यात भागतं. ही गोष्ट नीट पकडली ती डॉ. आनंद कर्वे यांनी. फलटणला करडईवर संशोधन केलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याच्या ‘आरती’ या त्यांच्या संस्थेने पिठूळ आणि गोड पदार्थांवर चालणारं घरगुती छोटं संयंत्र तयार केलं, आणि २००६ मध्ये त्याला ब्रिटनचं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालं. मोठ्या प्रमाणावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात डॉ. शरद काळे यांनी दोन टप्पे केले: आधी गरम पाणी आणि हवा देऊन कचरा लवकर पचवायचा, मग हवाबंद टाकीत मिथेन काढायचा. एका टनातून शंभरेक घनमीटर गॅस, म्हणजे स्वयंपाकाच्या तीन सिलिंडरांइतकी उष्णता.

पण ही टाकी लाडावलेली असते. मिथेन करणारे जीव सावकाश वाढतात, आम्ल करणारे भराभर. लग्नसराईत एखाद्या कार्यालयाचं उरलेलं जेवण एकदम ओतलं की आम्ल वाढतं, गॅस बंद पडतो आणि टाकी पुन्हा ताळ्यावर यायला आठवडे लागतात. लिंबू-संत्र्याची सालं जास्त झाली तर त्यांतलं तेल जिवाणूंना सोसत नाही. म्हणून माझं मत असं की बायोगॅस खानावळी, वसतिगृहं आणि मंडईला द्यावा, जिथे रोजचा कचरा साधारण सारखा असतो. घरोघरचा रोज वेगळा निघणारा ओला कचरा मात्र खताकडेच जावा.

घरी करायचंच असेल तर तळाशी आणि बाजूंना भोकं पाडलेली बादली पुरते. खरकटं आधी गाळणीत निथळू द्यायचं. सालं वर्तमानपत्रावर पसरून अर्धा दिवस गॅलरीच्या उन्हात ठेवली तर उत्तमच. बादलीत प्रत्येक थरावर वाळलेला पाला, आठवड्यातून एक-दोनदा हलवणं, आणि दोन-अडीच महिने धीर. नारळाची करवंटी, आंब्याच्या कोया आणि मटणाची हाडं यात घालू नयेत, त्यांना फार वेळ लागतो. पावसाळ्यात मधेच एखाद्या दिवशी बादलीत राखाडी, जाडसर अळ्या वळवळताना दिसतात आणि निम्मे लोक तिथेच हा नाद सोडतात. त्या बहुतेकदा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी घरात शिरून अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. त्या फार झाल्या असतील तर औषध फवारायचं नाही. बादलीत पाणी जास्त झालंय एवढाच त्याचा अर्थ, दोन ओंजळी कोरडा पाला टाकून हलवायची.