ब्रेक ऑइल उकळतं ते पाय काढल्यावर

नाशिकच्या कॉलेज रोडला हल्ली संध्याकाळी स्पोर्ट्स कार आणि मॉडिफाय केलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात, आणि चाकांतून लाल कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, डोकावत असतात. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: मोठे ब्रेक टाकलेत, आता गाडी जागेवर थांबते.

नाही थांबत. गाडी शेवटी टायर थांबवतो. कंपनीच्या स्टॉक ब्रेकवरच एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल तर टायरची पकड तिथेच संपली, मग सहा पिस्टनचा कॅलिपर लावा नाहीतर आठचा, एका इमर्जन्सी ब्रेकला अंतर जवळपास तेवढंच. नुसता लाल रंग मारून ब्रेक वाढतो म्हणणारे आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणारे, दोघांचं फिजिक्स एकच.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उष्णता. १५०० किलोची गाडी १०० च्या स्पीडला असेल तर तिच्यात साधारण ५.८ लाख ज्यूल ऊर्जा असते आणि थांबताना ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलो आणि त्यांच्या वाट्याला ७० टक्के धरले तर एका ब्रेकला डिस्क ५५ अंशांनी तापते. स्पीड २०० केला की ऊर्जा चौपट, म्हणजे २२० अंश. आणि रेस ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला, म्हणजे फेरीला, पुन्हा पुन्हा, थंड व्हायला वेळच नाही. लोखंड जास्त असेल तर तापमान हळू चढतं, एवढाच तो हिशोब. वणीच्या गडावरून नांदुरीला उतरताना स्पीड कमी असतो, पण तिथे उंचीची ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, म्हणून गिअरवर उतरा म्हणतात.

पॅड फार तापले की त्यातलं रेझिन जळून वायू सुटतो आणि घर्षण कमी होतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला खरी मजा वाटते ती ब्रेक ऑइलची, म्हणजे पायाचा दाब कॅलिपरपर्यंत नेणाऱ्या द्रवाची. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, रबरी पाइपमधूनसुद्धा, आणि आपल्याकडचे पावसाळे तुम्हाला माहीतच आहेत. पाणी ३.७ टक्के झालं की तीच मर्यादा १५५ वर येते. ओल शोषणं हा दोष वाटतो पण तसं नाही, कारण पाणी विरघळलं नसतं तर कॅलिपरमध्ये खाली साचून १०० अंशांनाच उकळलं असतं आणि वर गंज लावला असता तो वेगळा.

आता गंमत बघा. पॅडल दाबलेलं असताना ऑइलवर कित्येक बारचा दाब असतो, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत तापतं ते त्यामुळेच. ५० बारला तर शुद्ध पाणीसुद्धा २६४ अंशांपर्यंत द्रवच राहतं. म्हणजे जोरात ब्रेक मारताना ऑइल बरंच तापलं तरी सहसा उकळत नाही, तुम्ही पाय काढता, दाब एकदम उतरतो आणि त्या क्षणी बुडबुडे होतात. पुढच्या वळणाला पाय ठेवता तेव्हा पॅडलची सगळी चाल त्या बुडबुड्यांना दाबण्यात जाते, कारण वाफ दबते आणि द्रव जवळपास दबत नाही, आणि पॅडल सरळ फ्लोअरला. मागच्या वळणाला ब्रेक एकदम मस्त होता, असं लोक सांगतात ते खोटं नसतं.

म्हणून खर्च करायचाच तर आधी ताजं, चांगल्या उत्कलनबिंदूचं ऑइल आणि पाइपमधली एअर नीट काढून घेणं, मग पॅड, आणि मोठ्या ब्रेकचं किट सगळ्यात शेवटी. फक्त पुढचेच मोठे कॅलिपर टाकले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, हे किट विकणारा सहसा सांगत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात भारी पण ट्रॅकवर भोकांपासूनच तडे जातात, खाचावाल्या त्यापेक्षा बऱ्या. आणि पूर्ण रेसिंगचे पॅड लावून गंगापूर रोडला फिरू नका राव, ते थंड असताना नीट पकडतच नाहीत, सकाळच्या पहिल्या सिग्नलला कळेल.

कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला वगैरे गेलात तर शेवटची लॅप ब्रेक न वापरता हळू मारा. गाडी उभी केली की वारा थांबतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरते, त्यामुळे ऑइल पिटमध्ये उभं असतानाच जास्त तापू शकतं. आणि हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा नाहीतर चाकाला अडण लावा, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की त्याचा थर तिथेच चिकटतो आणि मग पॅडल थरथरायला लागलं की गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली.