सर्जन ते वस्तीचा डॉक्टर: एका जुन्या वाटेची पार्श्वभूमी

वीस-पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेला सर्जन वस्तीत जनरल दवाखाना सुरू करतो, तेव्हा पाटी वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की यांचं काहीतरी बिनसलं असणार. हात थरथरू लागला असेल, एखादी केस अंगाशी आली असेल, मोठ्या हॉस्पिटलात जमलं नसेल. डॉक्टरांची एक उतरंड आपण मनात रचून ठेवलेली असते. वर सर्जन, तळाशी सर्दी-खोकल्याचा डॉक्टर, आणि वरचा माणूस आपखुशीने खाली येत नाही हे गृहीत. ही उतरंड फार जुनी नाही. आज आपण ज्याला जनरल प्रॅक्टिशनर, थोडक्यात जीपी, म्हणतो तो माणूस बऱ्याच अंशी सर्जनच्याच घरात वाढला. दवाखान्याकडे वळणारा सर्जन एका जुन्या वाटेने परत निघालेला असतो, आणि त्याच्याकडे तसंच पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

औषध देणारा आणि शस्त्र चालवणारा ही फारकत मात्र पुरातन आहे. हिप्पोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य म्हणतो, की मुतखड्याच्या रोग्यावरसुद्धा मी शस्त्र धरणार नाही, ते काम करणाऱ्यांसाठी बाजूला होईन. चरकसंहितेत पोटातला गुल्म, म्हणजे गोळा, पिकला की पुढचा अधिकार धान्वंतरीयांचा, म्हणजे शल्यवैद्यांचा, असं स्पष्ट सांगितलं आहे. शल्य म्हणजे अंगात रुतलेला बाण किंवा काटा. तो काढणारा तो शल्यवैद्य. ‘सर्जन’ या शब्दाच्या मुळाशीही ग्रीक भाषेतलं ‘हाताचं काम’च आहे. पण शल्यतंत्राचा आद्य ग्रंथ असलेल्या सुश्रुतसंहितेने या फारकतीबद्दल सावधही केलं आहे. नुसतं शास्त्र जाणणारा आणि नुसतं कर्म जाणणारा, हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे असमर्थ, असं ती सांगते.

युरोपात ही फारकत हळूहळू सामाजिक दर्जाचीच झाली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वरच्या श्रेणीतल्या धर्मगुरूंना डाग देणं आणि कापणं यांचा समावेश असलेली शल्यकर्मं करायला मनाई केली. विद्यापीठात शिकलेला वैद्य लॅटिन बोलायचा, नाडी पाहायचा, सल्ला द्यायचा. रक्त, पू आणि तुटलेली हाडं न्हावी-सर्जनच्या वाट्याला आली. इंग्लंडमध्ये १५४० साली न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी झाली. सर्जनने दाढी करायची नाही आणि न्हाव्याने दात उपटण्यापलीकडे जायचं नाही, अशी वाटणी ठरली. दोघे वेगळे झाले ते थेट १७४५ मध्ये. त्या काळाची खूण एका संबोधनात आजही टिकून आहे. ब्रिटनमध्ये सर्जनला ‘डॉक्टर’ म्हणत नाहीत, ‘मिस्टर’ म्हणतात, कारण डॉक्टर ही पदवी विद्यापीठातल्या वैद्याची होती आणि सर्जन उमेदवारी करून शिकलेला कारागीर होता.

तिसरा माणूस होता अ‍ॅपोथिकरी, औषधं कुटणारा आणि विकणारा. लंडनमध्ये १६१७ साली या मंडळींनी किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेतून बाहेर पडून स्वतःची संस्था काढली. ते औषध देता देता रोग्याला सल्लाही देऊ लागले आणि वैद्यांना ते खुपू लागलं. विल्यम रोझ नावाच्या अ‍ॅपोथिकरीवर वैद्यांच्या महाविद्यालयाने खटला भरला. १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल रोझच्या बाजूने दिला. अ‍ॅपोथिकरीने रोगी तपासायला हरकत नाही, मात्र पैसे घ्यायचे ते औषधाचेच, अशी स्थिती त्यातून झाली. डॉक्टरकडे गेल्यावर हातात काहीतरी औषध पडलंच पाहिजे, ही अपेक्षा जिथे तिथे दिसते. तिच्यामागे या व्यवहाराचाही वाटा असावा असं मला वाटतं. तपासण्याचे आणि समजावण्याचे पैसे नाहीत, बाटलीचे आहेत, असं ठरलं की बाटली दिली जाणारच.

गावोगावच्या सामान्य माणसाला सर्जन वेगळा, औषधवाला वेगळा, वैद्य वेगळा असं परवडणारं नव्हतं. त्यामुळे अठराव्या शतकात एकच माणूस दोन्ही कामं करू लागला. त्याला सर्जन-अ‍ॅपोथिकरी म्हणत. तो गळू फोडायचा, हाड बसवायचा, तापाला औषध द्यायचा, बाळंतपणंही करायचा. १८१५ च्या अ‍ॅपोथिकरी कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा सक्तीची केली. त्यानंतर अनेकजण सर्जनच्या महाविद्यालयाची आणि अ‍ॅपोथिकरीच्या संस्थेची अशा दोन्ही सनदा घेऊ लागले. ‘जनरल प्रॅक्टिशनर’ हा शब्द याच सुमारास रुळला. म्हणजे पहिल्या पिढीचा जीपी हा बहुधा सनदी सर्जन होता. ब्रिटनमध्ये जीपीच्या दवाखान्याला आजही ‘सर्जरी’च म्हणतात.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे एडवर्ड जेन्नर. लस शोधणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याचं शिक्षण सर्जनचं होतं. तो लहान वयात एका गावच्या सर्जनकडे उमेदवारीला लागला. मग एकविसाव्या वर्षी लंडनला जॉन हंटर यांच्याकडे गेला. हंटर म्हणजे त्या काळातले अव्वल सर्जन आणि शरीररचनेचे अभ्यासक. जेन्नर लंडनमध्ये राहून नाव काढू शकला असता. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीबरोबर जाण्याचीही त्याला संधी होती. तो बर्कलीला, आपल्या गावी परतला आणि तिथेच प्रॅक्टिस करत राहिला.

त्याने गावी जाऊन काय गमावलं, असं विचारणाऱ्याने पुढची वर्षं पाहावीत. छातीत कळ येऊन मेलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनात त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या दिसल्या. या आजाराचं मूळ तिथे आहे हे त्याच्या लक्षात आलं. पण तीच कळ गुरू हंटर यांना येऊ लागली होती. त्यांना धक्का बसेल म्हणून जेन्नरने हे जाहीरपणे मांडायचं टाळलं. हंटर १७९३ मध्ये गेले आणि शवविच्छेदनात शिष्याचा अंदाज खरा निघाला. सर्जनची शोधक नजर आणि घरच्या डॉक्टरचं मन एका माणसात कसं नांदतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

देवीच्या लसीचंही तसंच. गाईंची देवी झालेल्या गवळणींना माणसाची देवी होत नाही, हे त्या भागातले लोक बोलत असत. ते खरं की खोटं हे तपासायला तीच माणसं, तीच घरं, तीच गुरं वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असावी लागतात. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला आणि १७९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हंटर यांनी त्याला एका पत्रात, नुसता विचार काय करतोस, प्रयोग करून का पाहत नाहीस, असं बजावलं होतं. प्रयोगाची शिस्त लंडनच्या शवविच्छेदनगृहातली आणि प्रश्न गावच्या दवाखान्यातला, असा तो योग होता.

मग सर्जन आणि गावचा डॉक्टर दुरावले कधी? अवघ्या पन्नाससाठ वर्षांत. १८४६ मध्ये बॉस्टनला इथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली, १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. तोपर्यंत ऑपरेशनं रोग्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावरही होत. आता निर्जंतुक खोली, भूल देणारा वेगळा माणूस, प्रशिक्षित परिचारिका हे सगळं लागू लागलं आणि सर्जन हॉस्पिटलात मुक्कामाला गेला. १८८९ पासून विल्यम हाल्स्टेड यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन घडवण्याची जी पद्धत बसवली, तिने सर्जनचं शिक्षणही रात्रंदिवस हॉस्पिटलच्या भिंतींच्या आत नेलं. पोट, छाती, मेंदू उघडणं शक्य झालं, लाखो जीव वाचले. त्याबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. पण रोगी घरी कसा राहतो, काय खातो, कुणाशी बोलतो, हे सर्जनच्या नजरेआड गेलं.

गंमत अशी की कायदा उलट दिशेने चालला होता. ब्रिटनच्या १८८६ च्या कायद्याने डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल तर औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूती या तिन्ही विषयांत परीक्षा सक्तीची केली. ‘एमबीबीएस’ या अक्षरांत दोन पदव्या आहेत, एक मेडिसिनची आणि एक सर्जरीची. कागदावर प्रत्येक डॉक्टर दोन्ही पंखांचा असतो. खेड्यांत काही काळ ते प्रत्यक्षातही होतं. १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनली गावी पहिलं ‘कॉटेज हॉस्पिटल’ निघालं आणि अशा छोट्या हॉस्पिटलांत गावचे जीपी विसाव्या शतकातही ऑपरेशनं करत राहिले.

दर्जाची दरी मात्र रुंदावत गेली. १९५८ मध्ये लॉर्ड मोरन या नामांकित ब्रिटिश डॉक्टरने एका शाही आयोगासमोर जीपी म्हणजे शिडीवरून पडलेले लोक, अशा अर्थाचं विधान केलं. ते आजही टोचतं, कारण सर्जनच्या नातेवाइकांच्या आणि सहकाऱ्यांच्या तोंडी तेच वेगळ्या शब्दांत येतं: ‘एवढं शिकून आता सर्दी-पडसं बघणार?’ असल्या हिणवण्याला उत्तर म्हणून जीपी आधीपासूनच आपलं शास्त्र उभं करू लागले होते. ब्रिटनमध्ये १९५२ साली त्यांचं स्वतःचं महाविद्यालय निघालं, अमेरिकेत १९६९ साली फॅमिली प्रॅक्टिसला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. इथे सर्जनसाठी एक महत्त्वाचा अर्थ दडलेला आहे. जनरल प्रॅक्टिस म्हणजे विशेष शिक्षणाची उणीव नव्हे, ती स्वतःच एक विशेष विद्या आहे. ती सर्जनला आपोआप येत नाही. ब्रिटनमध्ये सर्जनला जीपी व्हायचं असेल, तर पुन्हा प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल व्हावं लागतं, आणि ते प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं असतं.

ही विद्या वेगळी का, हे केर व्हाइट हे आरोग्य-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली आकड्यांत दाखवलं. एका महिन्यात १००० प्रौढांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो एक. सर्जनचं सगळं शिक्षण त्या एकाच्या आणि नऊजणांच्या आधाराने झालेलं असतं. त्याच्यापर्यंत आलेलं पोट आधीच कुणीतरी चाळून पाठवलेलं असतं, म्हणून त्यात मोठा आजार असण्याची शक्यता जास्त. दवाखान्यात ती चाळणी त्यालाच व्हावं लागतं. तिथे दहा पोटदुख्यांतल्या बहुतेक आपोआप बऱ्या होणाऱ्या असतात, एखादी काळजीत रुजलेली असते आणि क्वचित एखादी अपेंडिक्सची. प्रत्येकाला स्कॅन लिहून देणारा सर्जन हॉस्पिटलच्या सवयीने वागत असतो. त्यात त्याचा दोष कमी आणि घडणीचा जास्त.

पण त्याच्याकडे एक जुनं कसब असतंच. पोटावर हात ठेवून ‘आता कापायचं नाही, चार तासांनी पुन्हा पाहू’ असं ठरवणं सर्जन उमेदीच्या वर्षांतच शिकतो. वेळ हीसुद्धा एक तपासणी आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. चार तासांच्या जागी चार दिवस, कधी चार आठवडे धरायला शिकायचं असतं. त्याला जखमेची भाषा कळते. मधुमेह्याच्या पायाला झालेला लहानसा व्रण पाहून तो मोजे काढायला लावतो, दुसरा पायही बघतो, कारण तो न बघितल्याने पुढे काय कापावं लागतं ते त्याने केलेलं असतं. स्तनातली गाठ, हर्निया, लाजेपोटी लपवलेली मूळव्याध, हे सांगायला आलेल्या माणसाशी तो न संकोचता बोलू शकतो. ऑपरेशनच्या भीतीने खचलेल्याला आत नेमकं काय होणार हे त्याच्याइतकं कोण समजावणार? आपल्याकडे हातगुण म्हणतात तो हाच असावा.

जे येत नाही, ते मात्र प्रामाणिकपणे शिकावं लागतं. लहान मुलांचा ताप आणि लसीकरण, दमा, रक्तदाब आणि साखरेची वर्षानुवर्षं चालणारी औषधं, एका औषधाचं दुसऱ्याशी जुळतं की नाही, थकवा म्हणून आलेलं नैराश्य. अँटिबायोटिक न देता रोग्याला घरी पाठवणं हे तर सर्जनला फारच जड जातं, कारण ऑपरेशनच्या आसपास ते देण्याची सवय हाडात मुरलेली असते. आणि छोटी शस्त्रक्रिया दवाखान्यात करायची की नाही, याचं उत्तर हाताच्या कौशल्यावर ठरत नाही. जागेची भूल देतानाही वजनानुसार औषधाची मर्यादा असते आणि रिअ‍ॅक्शन आली तर सावरायची तयारी जवळ लागते. थिएटरमध्ये ती जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी होती, इथे ती त्याची एकट्याची.

औषधशास्त्रानेही सर्जनला या दिशेने ढकललं आहे. पोटाचा अल्सर हे एके काळी जनरल सर्जनचं रोजचं काम होतं; जठराचा भाग काढणं, आम्ल वाढवणारा मज्जातंतू तोडणं. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध बाजारात आलं. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागचा जंतू दाखवला. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सरची ठरवून केली जाणारी ऑपरेशनं जवळपास संपली, फुटलेला किंवा वाहणारा अल्सर तेवढा उरला. जे काम टेबलावर होत होतं ते एका चिठ्ठीवर आलं, आणि चिठ्ठी दवाखान्यात लिहिली जाते.

दवाखान्याची खरी ताकद नव्या औषधापेक्षा सातत्यात आहे. एकाच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाणं आणि मृत्यूचं प्रमाण यांचा संबंध पाहणाऱ्या २२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १८ अभ्यासांत सातत्य जास्त तिथे मृत्यू कमी आढळले. सर्जनची केस टाके काढले की बंद होते. दवाखान्यातला केसपेपर उघडाच राहतो: आधी आईच्या नावाचा, मग मुलाच्या, मग सुनेच्या. पन्नाशीत दवाखाना उघडणाऱ्याच्या हाताशी त्यासाठी पंधरा-वीस वर्षं असतात, आणि त्यातली पहिली काही वस्तीने त्याला ओळखण्यातच जातात. तोवर लोक टाके घालायला आणि गळू दाखवायलाच येतात. कधीतरी ड्रेसिंग संपल्यावर एखादी बाई उठता उठता थांबते आणि म्हणते, डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.