इकारस लातूरला कसा पोहोचला

माझी भाची नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहते. तिच्या कॉटवरच्या भिंतीला मूलद्रव्यांची आवर्तसारणी, शेजारी बीटीएस या कोरियन बँडच्या सात पोरांचं पोस्टर, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत पेन्सिलीनं काढलेला, पंख गळालेला एक मुलगा. हा कोण म्हणून विचारलं, तर म्हणाली, "इकारस. हसायलात कशाला मामा? अख्खी थिअरी आहे त्याच्यावर."

थिअरी, म्हणजे गाण्याच्या व्हिडिओतल्या खुणांचा चाहत्यांनी लावलेला अर्थ, तासभर चालली. मला मात्र वेगळंच कोडं पडलं. क्रीट या ग्रीक बेटावरून उडालेला हा पोरगा कोरियाला वळसा घालून लातूरच्या भिंतीवर आला कसा?

मूळ गोष्ट छोटी आहे. डेडलस हा हुन्नरी कारागीर. क्रीटच्या राजाच्या कैदेतून सुटण्यासाठी त्यानं पिसं आणि मेण जोडून पंख केले, स्वतःला आणि पोराला. फार वर जाऊ नको, असं बजावूनही इकारस सूर्याकडे गेला, मेण वितळलं, पोरगा समुद्रात पडला. ही कथा आज आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः ओव्हिड या रोमन कवीमुळे. इसवी सन ८ च्या सुमारास त्यानं ती लॅटिनमध्ये बांधली. त्यात एक बारकावा आहे: नांगर धरलेला शेतकरी, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि गळ टाकून बसलेला कोळी वर बघतात, आणि हे उडणारे देवच असणार असं त्यांना वाटतं.

सोळाव्या शतकात ब्रूगेल या चित्रकाराच्या नावावर असलेल्या चित्रात हे तिघंही आहेत, पण तिकडे बघत कुणीच नाही. शेतकरी नांगरतोय, मेंढपाळाचं तोंड भलतीकडे, आणि खाली कोपऱ्यात पाण्याबाहेर दोन पाय तेवढे दिसतात. ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे ती बहुधा मूळ चित्राची नक्कल, असं बरेच जाणकार मानतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या बीटीएसच्या 'ब्लड स्वेट अँड टियर्स'च्या व्हिडिओत एका संग्रहालयासारख्या वाड्यात हे चित्र दिसतं. त्याच चित्रकाराचं १५६२ मधलं स्वर्गातून कोसळणाऱ्या बंडखोर देवदूतांचं चित्रही तिथं आहे. शेवटी एका पोराच्या पाठीवर पंख उपटल्याचे व्रण दिसतात. पार्श्वभूमीला हरमान हेसेची १९१९ ची 'डेमियन' ही कादंबरी. म्हणजे ग्रीक पुराण, बायबल आणि जर्मन कादंबरी, तिन्हींची भेळ. चाहत्यांना ती का आवडली असेल ते कळतं. उकलायला भरपूर आहे.

गाणं आणि ग्रीक कथा यांचं नातं मात्र कोरियन कंपन्यांनी जोडलेलं नाही. 'म्युझिक' हा शब्दच म्यूझ या ग्रीक कलादेवींच्या नावावरून आला. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये काही विद्वानांना वाटे की प्राचीन ग्रीक शोकांतिका पूर्ण गाऊन सादर होत असत. तसं काही करू, या खटपटीतून ऑपेरा जन्मला. आज पूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा १६०० सालचा, 'युरिडिचे'. विषय ऑर्फियसचा. त्याच्या गाण्यानं दगडही विरघळत. तो मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेला. बाहेर पडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही, ही अट. त्यानं बघितलंच, आणि ती कायमची गेली. पण हा प्रयोग होता मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नानिमित्त! मांडवात बायको मरताना कशी दाखवणार? म्हणून त्यात ती सुखरूप परत येते. आपल्याकडं १८८० मध्ये किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा पडदा उघडला तोही शाकुंतलावर. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असली की गाण्याला पसरायला जागा मिळते.

ऑर्फियसनं नंतर गायकांची पाठ सोडली नाही. १६०७ मध्ये मॉन्टेव्हर्दी आणि १७६२ मध्ये ग्लुक या संगीतकारांचे ऑपेरा, २०१३ मध्ये आर्केड फायर या कॅनडातल्या बँडचा अल्बम. बाकी रॉक-पॉपमध्ये ग्रीक देव आणि वीर बरेचदा पोशाखापुरते येतात. क्रीम या बँडनं १९६७ मध्ये युलिसिस गायला, कायली मिनोगनं २०१० मध्ये अल्बमलाच 'ॲफ्रोडाइटी' हे प्रेमदेवतेचं नाव दिलं, लेडी गागानं २०१३ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या व्हीनसचे, म्हणजे रोमन ॲफ्रोडाइटीचे, तुकडे लावले. देखणं आहे सगळं, पण तिथं फार खोदायला मी जाणार नाही.

'डायोनायसस'ची गोष्ट वेगळी. बीटीएसचं हे गाणं एप्रिल २०१९ मध्ये 'मॅप ऑफ द सोल: पर्सोना' या अल्बममध्ये आलं. डायोनायसस हा द्राक्षाचा, दारूचा, बेभान होण्याचा आणि नाटकाचाही देव. अथेन्समध्ये शोकांतिका त्याच्याच उत्सवात होत. कोरियन भाषेत दारूला 'सुल' म्हणतात आणि कलेला 'येसुल'. कलाही शेवटी दारूच, हा श्लेष गाण्याच्या गाभ्यात आहे. देवाच्या हातात असते वेल गुंडाळलेली थिर्सस नावाची काठी. गाण्यात ती माइक होते. आणि 'पर्सोना' म्हणजे लॅटिनमध्ये नटाचा मुखवटा. युंग या मानसशास्त्रज्ञानं तो शब्द आपल्या शास्त्रात नेला, तिथून तो अल्बमवर आला. इथं पुराण नुसतं अंगावर पांघरलेलं नाही, शब्दाशब्दांत मुरलेलं आहे.

चाहत्यांचंही मूळ याच देवाजवळ सापडतं. युरिपिडीसच्या 'बाकाय' नाटकात थीब्ज नगरातल्या बायका माग सोडून डायोनायससच्या मागं डोंगरात जातात आणि राजा पेन्थियस चिडतो. पैठणच्या एकनाथांच्या गौळणीत हरीला पाहून राधा रिकामा डेरा घुसळते. पण नाथांचा हरीही राधेला पाहून भुलतो आणि बैलाची धार काढायला बसतो. खूळ दोन्हीकडं सारखं. ग्रीकांकडं प्रकरण रक्तपातावर जातं: पेन्थियसचे तुकडे होतात, आणि दुसऱ्या एका कथेत ऑर्फियसला अशाच बेभान बायका फाडतात. प्रत्येक विमानतळावर गर्दीतून वाट काढणाऱ्या गायकाला ही कथा सांगायची गरज नसावी.

आणि थिअरी? मराठवाड्याला ते शिकवायला नको. नाथांचं भारूड ऐकताना विंचू म्हणजे विंचू नव्हे, काम-क्रोध, हे गावातलं पोरही जाणतं. अर्धा अर्थ गाणाऱ्यानं ठेवायचा, अर्धा ऐकणाऱ्यानं काढायचा. फरक आहे तो व्यवहारात. 'पर्सोना' अल्बम चार वेगवेगळ्या आवृत्त्यांत विकला गेला. गूढ जितकं लांबेल तितकी फोटोकार्डं, म्हणजे अल्बमसोबत मिळणारे गायकांचे छोटे फोटो, खपतात. शिवाय चाहत्यांच्या काही थिअऱ्या निव्वळ ताणलेल्या. पडद्याचा रंग जांभळा म्हणून द्राक्षं, हे मला पटलं नाही. भाचीला पटलेलं आहे.

गंमत अशी की ग्रीक माणसाला आपला मुलूख फार आधीपासून माहीत होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा रस्ता दिलाय. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. पैठणहून गोमेदासारखे दगड जात, तगरहून कापड. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची दारू पहिल्या पसंतीची, आणि तिथल्या राजासाठी खास आणलेल्या नजराण्यांत चांदीची भांडी आणि गाणारी मुलं! काही अनुवादक तिथं 'वादक गुलाम' असं वाचतात. कसंही वाचलं तरी समुद्रापलीकडचे गायक मागवण्याची हौस इथं जुनी आहे.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. तिनं ब्रूगेलचं चित्र मोबाइलवर मोठं करून बघितलं. कोपऱ्यातले पाय तिला आधीच माहीत होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मामा, ह्या शेतकऱ्याच्या औताला घोडा कसा काय?"