लेप हाडासाठी, त्रास हिरडीपाशी

स्वीडनच्या गोटेबर्ग शहरात 1965 साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क या संशोधक डॉक्टरांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात कृत्रिम दातांना आधार म्हणून टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजेच दाताचे इम्प्लांट, बसवले. 2006 मध्ये लार्सन वारले, तोवर ते स्क्रू आपलं काम करत होते. त्यांवर कसलाही लेप नव्हता. लेथवर कातलेला, जवळपास गुळगुळीत धातू आणि हवा लागताच त्यावर आपोआप चढणारा टायटॅनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर, बस.

मग लेप हवा कशाला? एक तर घाई. हाडाने धातू धरेपर्यंत तीन ते सहा महिने थांबावं लागे. शिवाय वरच्या जबड्यात मागच्या बाजूचं हाड विरळ असतं, तिथे गुळगुळीत स्क्रू दगा देत. 1980च्या दशकात हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा लेप गाजू लागला तो यामुळेच. आपल्या हाडाला कडकपणा देणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फेटच्याच जातीचं हे खनिज, त्यामुळे हाड त्याला चटकन जोडलं जातं.

घोळ झाला तो लेप चढवताना. खनिजाची भुकटी हजारो अंश तापलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, झोतातून धातूवर फवारतात. वितळलेले कण आदळताक्षणी थिजतात; काहींना नीट स्फटिक व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि असा भाग शरीरातल्या द्रवात लवकर विरघळतो. हाडाची लेपावर पकड घट्ट, पण लेपाची धातूवर कच्ची! चावण्याचा भार पडत राहिला आणि काही रुग्णांत लेप ओल धरलेल्या भिंतीच्या चुन्यासारखा सुटू लागला.

पुढे लेपाचा नाद कमी झाला आणि धातूलाच खरखरीत करण्याकडे कल वळला. बारीक कणांचा मारा करायचा, मग आम्लात बुडवायचं. पृष्ठभागावर एक-दोन मायक्रॉनचे खाचखळगे पडतात. त्यांत रक्ताची गुठळी धरून राहते आणि तिच्या धाग्यांवरून हाडाच्या पेशी थेट धातूपर्यंत पोचतात. सुटून यायला वेगळा थरच नाही. चांगल्या हाडात थांबण्याचा काळ सहा-आठ आठवड्यांवर आला.

पण हाडाने पकड घेणं ही पहिल्या काही महिन्यांची गोष्ट. पुढच्या वीस वर्षांचा निकाल, माझ्या मते, हिरडीच्या कडेला लागतो. तिथलं हाड झिजलं की खरखरीत भाग उघडा पडतो, जंतूंचा थर खाचांत दडतो आणि ब्रशला दाद देत नाही. याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. सिगारेट, ताब्यात नसलेला मधुमेह, पूर्वीचा पायरिया यांनी धोका वाढतो. म्हणून काही इम्प्लांटची मान, म्हणजे हिरडीलगतचा भाग, मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली असते. क्लिनिकमध्ये कोटिंगची चौकशी जरूर करा, पण त्याआधी नियमित तपासणी आणि सफाईचं काय, ते विचारा.

हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट बाद झालेलं नाही, बरं का. कृत्रिम खुब्याच्या दांड्यावर ते आजही चढवतात आणि तिथे दीर्घकाळचे निकाल चांगले आहेत. खुबा शरीराच्या आत पूर्ण बंद असतो. दाताचं इम्प्लांट हिरडी भेदून तोंडात येतं, आणि तोंडात जंतूंच्या शेकडो जाती कायमच्या मुक्कामाला असतात.