सोन्याचं पाणी आणि मधला पडदा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात यात्रेला आलेल्या माणसाला 'काय करता' असं सहसा कुणी विचारत नाही. 'कुठं असता' असं विचारतात. कोइमतूर, अमृतसर, गुवाहाटी, उत्तर काहीही येईल. काम ठरलेलं : गलाई. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून, त्यातला हीण काढून चोख करायचं. दुष्काळी मुलखातल्या विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडच्या घरांना या कामानं उभं केलं. अलीकडे या धंद्यातल्या नव्या पिढीच्या तोंडी 'मेम्ब्रेनचं मशीन' येतं : ॲसिडची टाकी, मधोमध पडदा आणि करंट. हा पडदा सोन्यापर्यंत कसा आला, त्याची ही हकिगत.

आधी जुनी रीत. माझे चुलते तीस वर्षं या धंद्यात होते. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहतं. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी तिच्यावर बसून परत मिळते. अतिशय हुशार पद्धत आहे ही, पण उकळताना तांबूस धूर निघतो आणि सराफकट्ट्यावरच्या माडीत त्याला जायला जागा नसते. चुलत्यांच्या बोटांची कातडी तेजाबानं कायम पिवळी असायची. अम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिकच्या मिश्रणात, सोनंच विरघळवलं तर त्या पाण्याचा थेंब अंगावर पडून दुसऱ्या दिवशी जांभळा डाग उठायचा. गावी आल्यावर त्यांचा खोकला आठवडाभर तरी हटत नसे. मला या विषयाची ओढ आहे ती त्या खोकल्यामुळे.

मोठ्या टाकसाळींनी एकोणिसाव्या शतकातच वेगळ्या वाटा काढल्या. १८६७ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रान्सिस मिलरनं वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडण्याची पद्धत आणली. १८७४ मध्ये हॅम्बुर्गच्या एमिल वोल्विलनं विजेची वाट धरली : सोन्याच्या क्लोराइडच्या पाण्यात अशुद्ध सोन्याचा पत्रा एका टोकाला, शुद्ध सोनं दुसऱ्या टोकाला जमा. ९९.९९ टक्के शुद्धता तिथून मिळू लागली. पण त्या पाण्यात सोनं कायम भरून ठेवावं लागतं. टाकसाळीला ते परवडतं. आज आलेला दागिना संध्याकाळी चोख करून परत द्यायचा आहे, अशा गलाईवाल्याचं भांडवलच त्या टाकीत अडकून पडेल. माझ्या मते वोल्विलची टाकी छोट्या पेढीत रुजली नाही, त्याचं मोठं कारण हे.

पडद्याची गोष्ट दुसरीकडूनच सुरू होते. १८३६ मध्ये इंग्लंडच्या डॅनियलनं बॅटरी बनवताना दोन द्रावणं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये बैलाच्या अन्ननलिकेची नळी वापरली. पुढं तिच्या जागी बिनझिलईच्या भाजक्या मातीचं सच्छिद्र भांडं आलं. वीज जाऊ द्यायची, पाणी अडवायचं, एवढीच अपेक्षा. १८५० मध्ये वे या रसायनतज्ज्ञानं शेतातल्या मातीतून खताचं पाणी जाऊ दिलं, तर माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते, हे दाखवलं. ही आयनांची, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांची, अदलाबदल. १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या इंग्रज जोडीनं तोच गुण असलेली कृत्रिम राळ तयार केली. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्यांच्या चुऱ्यात त्यांना तो पहिल्यांदा दिसला, असं सांगतात. १९५० मध्ये अमेरिकेत जुडा आणि मॅक्रे यांनी या राळेचे पातळ पडदे केले. त्यांचं पहिलं मोठं काम खारं पाणी गोडं करण्याचं. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनं याच कामासाठी असे पडदे घडवले.

सोन्याला हा पडदा लागू पडतो तो एका गुणामुळे. करंट सोडला की अशुद्ध सोन्याच्या पत्र्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळलेलं सोनं क्लोरीनला धरून ऋण भाराचं होतं. पडद्याच्या अंगातही ऋण भार रोवलेला असतो. त्यामुळे तो हायड्रोजनला वाट देतो आणि सोन्याला मागं सारतो. सोनं आपल्याच बाजूच्या पाण्यात साठतं. गाळून घेऊन मेटाबायसल्फाइट हा क्षार टाकला की सोनं भुकटी होऊन खाली बसतं. टाकीत आधी सोनं भरून ठेवायला नको, आणि तेजाब नसल्यामुळे तो तांबूस धूरही नाही. पंखा मात्र हवाच, कारण पलीकडच्या बाजूला हायड्रोजन निघतो.

मुलामा देणाऱ्या कारखान्यांत हीच विद्या उलटी वापरतात. तिथं धुण्याच्या पाण्यात सायनाइडला धरलेलं सोनं जातं. धन भाराची राळ ते इतकं घट्ट धरते की सोडवण्यापेक्षा पुष्कळदा ती राळच जाळून राखेतून सोनं काढतात. सोनाराच्या दुकानातली माती धुणाऱ्या झारेकऱ्याला हे अजिबात नवल वाटणार नाही.

मशीनची एक अडचण आहे. सोन्यात चांदी जास्त असली की चांदीचं क्लोराइड पांढरा थर होऊन पत्र्यावर चिकटतं आणि करंट मंदावतो. चुलत्यांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तो थर कोण काढतं?" हातानंच खरवडावा लागतो, म्हटलं. मग त्यांनी त्या थरातली चांदी लोखंडाच्या तुकड्यांनी कशी परत आणायची, ते मला सावकाश सांगितलं.